घरांतील गारवा : बाजारांतील शब्दांचा उलगडा

चैत्र संपतां संपतां खानदेशांतील घराघरांतून एकच विषय निघूं लागतो. जळगांव-भुसावळकडे वैशाखांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. धुळ्याची हवा त्या मानानें सौम्य म्हणावी, तर तेथेंहि ४२-४३ अंशांचे दिवस येतातच. अशा दिवसांत एखादें कुटुंब चार पैसे गांठीस बांधून दुकानांत जातें आणि तेथें त्याच्या कानांवर नव्या शब्दांचा एकच वर्षाव होतो: दीड टन, पांच तारे, इन्व्हर्टर, बी.टी.यू., आर-३२. घरांतील कर्ता मनुष्य शिकलेला असतो. पण यांतील निम्मे शब्द त्याला चुकीचे समजलेले असतात आणि उरलेल्यांचा अर्थ विचारण्याचा त्याला संकोच वाटतो. मग शेजाऱ्यानें जें यंत्र घेतलें तेंच याच्याहि घरीं येतें. पुढें ऐन उन्हाळ्यांत तें खोली गार करीना, किंवा विजेचें बिल पाहून डोळे पांढरे झाले, म्हणजे सगळा दोष दुकानदाराच्या माथीं मारला जातो. वस्तुतः तो दोष पुष्कळदां शब्दांच्या अज्ञानाचा असतो.

या सर्व शब्दांच्या मुळाशीं एक साधें तत्त्व आहे. गारवा ही कांहीं कोठून आणून घरांत ओतावयाची वस्तु नव्हे. वस्तु आहे ती उष्णता. ती नाहींशी करतां येत नाहीं. एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणीं नेऊन टाकतां येते, इतकेंच. हें ओझें वाहण्यास आपल्या घरांत दोन हमाल मिळतात. एक पाणी आणि दुसरा वीज. पाणी उष्णता घेऊन वाफ होतें, तो कूलर. वीज यंत्राकडून उष्णता खोलीबाहेर काढविते. तें वातानुकूलन यंत्र, म्हणजे रोजच्या बोलण्यांतील ए.सी. कोणत्या महिन्यांत कोणत्या हमालास बोलवावें, हें ज्याला कळलें त्याला पुढील परिभाषा अवघड वाटणार नाहीं.

पाण्याची रीत जुनी आहे. मातीच्या माठांतून पाणी पाझरतें, बाहेरच्या कोरड्या हवेंत त्याची वाफ होते, आणि वाफ होण्यास लागणारी उष्णता माठांतील पाण्यांतून घेतली जाते. म्हणून माठांतलें पाणी गार लागतें. दारास वाळ्याचा पडदा बांधून त्यावर पाणी शिंपडण्याची जी चाल होती, तिचेंहि मर्म हेंच. आजचा पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा कूलर म्हणजे पंखा जोडलेला वाळ्याचा पडदाच होय. ही शक्ति लहान समजूं नये. १ लिटर पाण्याची वाफ होतांना जी उष्णता शोषली जाते ती विजेच्या हिशेबानें सुमारें पाऊण युनिटाच्या जवळपास भरते. तासास सवापांच लिटर पाण्याची वाफ झाली, तर तें काम एक टनाच्या यंत्राच्या तासाभराच्या कामाइतकें होतें.

मग कूलर बाराहि महिने सारखाच कां चालत नाहीं? येथें ‘आर्द्रता’ हा शब्द समजून घेतला पाहिजे. हवा जितकी अधिक तापलेली, तितकी अधिक वाफ ती आपल्यांत सामावून घेऊं शकते. ४२ अंशांच्या १ घनमीटर हवेंत सुमारें ५६ ग्रॅम वाफ मावते. त्यांतील १५ टक्के जागा भरलेली असली, तर ‘सापेक्ष आर्द्रता १५ टक्के’ असें म्हणतात. अशा हवेंत प्रत्यक्षांत अवघी साडेआठ ग्रॅम वाफ असते. ती हवा तहानलेली असते आणि पाणी दिसेल तेथें पिऊन टाकते. जुलैतील ३२ अंशांच्या हवेंत मात्र सुमारें ३४ ग्रॅम वाफ मावते आणि आर्द्रता ७५ टक्के धरली तर त्यांतील २५ ग्रॅम जागा आधींच भरलेली असते. पारा दहा अंशांनीं उतरला, तरी हवेंतील पाणी तिपटीच्या जवळ गेलें. ‘ऊन कमी झालें, पण जीव घाबरा होतो’ असें आषाढांत म्हणतात तें यामुळेंच.

हवेची ही तहान मोजण्याची एक सोपी युक्ति आहे. दोन सारखे तापमापक घ्यावे. एक तसाच ठेवावा व दुसऱ्याच्या कंदास ओलें फडकें गुंडाळून त्यावर वारा घालावा. पहिला दाखवितो तें कोरड्या कंदाचें तापमान. वर्तमानपत्रांत छापून येतें तें हेंच. दुसरा दाखवितो तें ओल्या कंदाचें तापमान. वैशाखांत पहिला ४२ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असली, तर दुसरा २२ अंशांच्या आसपास उतरतो. दोहोंतील अंतर वीस अंश. कूलर कितीहि चांगला असला तरी ओल्या कंदाच्या खालीं हवा गार करूं शकत नाहीं. मात्र त्या अंतराचा सुमारें तीन चतुर्थांश भाग चांगला कूलर कापतो. म्हणजे ४२ अंशांची हवा खोलींत २७ अंशांची होऊन येते. याहून स्वस्त सुख दुसरें नाहीं. जुलैत ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असतां ओला कंद २८ अंशांवर थांबतो. अंतर चार अंश. कूलर तीन अंश कमी करील आणि मोबदल्यांत खोली ओलीचिंब करील. यंत्र बिघडलेलें नसतें; हवेची तहान संपलेली असते.

यावरूनच कूलरचा दुसरा नियम निघतो. कूलरला ताजी कोरडी हवा हवी व खोलींतील ओली हवा बाहेर जाण्यास वाट हवी. म्हणून समोरची खिडकी उघडी पाहिजे. ए.सी.चा नियम याच्या अगदीं उलट: दारें-खिडक्या बंद. दोन्ही एकाच खोलींत एकदम लावणारे लोक आढळतात. ते एका हातानें खोलींत वाफ भरतात आणि दुसऱ्या हातानें पैसे देऊन ती काढवितात.

‘वातानुकूलन’ या शब्दाचा इतिहासहि खानदेशास परका नाहीं. १९०२ सालीं अमेरिकेंत ब्रुकलिन येथील एका छापखान्यांत दमट हवेनें कागद फुगून रंगांची छपाई बिघडत असे; तीवर उपाय म्हणून विलिस कॅरियर या तरुण इंजिनियरानें हवेंतील पाणी काढून घेणारें यंत्र रचलें. पण ‘हवेला योग्य स्थितींत आणणें’ या अर्थाचा मूळ इंग्रजी शब्द १९०६ सालीं रूढ केला तो स्टुअर्ट क्रेमर या कापडगिरण्यांच्या इंजिनियरानें, आणि त्याचा हेतु हवेंत पाणी घालण्याचा होता. कारण कोरड्या हवेंत कापसाचा धागा पटापट तुटतो. जळगांव, अमळनेर आणि धुळें या गांवांनीं गिरण्यांचे भोंगे पिढ्यान् पिढ्या ऐकलेले आहेत. सूतखात्यांतील ती ओलसर हवा ज्यांनीं अनुभविली त्यांना हें निराळें सांगावयास नको. तात्पर्य, वातानुकूलन म्हणजे नुसता गारवा नव्हे. हवेची उष्णता, तिचा ओलावा, तिचें वाहणें आणि तिची स्वच्छता, या चारहि गोष्टी ताब्यांत ठेवणें असा त्याचा पूर्ण अर्थ आहे.

आतां दुकानांतील पहिला शब्द ‘टन’. दीड टन म्हणजे यंत्राचें वजन, ही समजूत अजून पुष्कळ घरांत आहे. टन हा बर्फाच्या व्यापारांतून आलेला शब्द होय. यंत्रें नव्हतीं तेव्हां गोठलेल्या तळ्यांतील बर्फ कापून जहाजांतून दूरदेशीं विकीत. १८३३ सालीं अमेरिकेंतील बोस्टनहून निघालेलें असें एक जहाज कलकत्त्यास पोंचलें होतें. पुढें यंत्रें आलीं तेव्हां गिऱ्हाइकाचा प्रश्न साहजिकच असा कीं, हें यंत्र किती बर्फाचें काम करील? २,००० पौंडांचा, म्हणजे सुमारें ९०७ किलोंचा, एक अमेरिकन टन बर्फ चोवीस तासांत वितळतांना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता तेवढ्याच वेळांत काढून टाकणारें यंत्र तें एक टनाचें. हीच गोष्ट बी.टी.यू. या मापानेंहि सांगतात. १ पौंड पाणी फॅरनहाइटच्या एका अंशानें तापविण्यास लागणारी उष्णता म्हणजे एक बी.टी.यू.; एक टन म्हणजे तासास असे १२,०००. विजेच्या भाषेंत तें साडेतीन किलोवॅट होतें. ही काढलेल्या उष्णतेची मोजणी आहे, खर्चलेल्या विजेची नव्हे. हा भेद ध्यानांत ठेवला कीं निम्मा घोटाळा मिटतो.

पण येथें खानदेशच्या गिऱ्हाइकानें एक गोष्ट विशेष लक्षांत घ्यावी. यंत्रावर लिहिलेले टन हे बाहेरची हवा ३५ अंश आणि खोलीची २७ अंश असतां मोजलेले असतात. बाहेर पारा ४५ वर गेला कीं तेंच यंत्र तितकी उष्णता काढूं शकत नाहीं, आणि वीज मात्र अधिक घेतें. कारण भरलेली पाटी ओट्यावर ठेवणें निराळें आणि माडीवर चढविणें निराळें. ‘५२ अंशांपर्यंत चालतें’ असें जाहिरातींत असतें. त्याचा अर्थ तितक्या उन्हांत यंत्र बंद पडत नाहीं एवढाच. पूर्ण काम करतें असें त्यांत म्हटलेलें नसतें. म्हणून पुण्याच्या पाहुण्यानें आपल्या खोलीस एक टन पुरतो असें सांगितलें, तरी जळगांवांतील वरच्या मजल्यावरच्या तेवढ्याच खोलीस तो पुरेल असें धरून चालूं नये. विचारावें तें असें कीं, ४५ अंशांस हें यंत्र किती उष्णता काढतें?

ताऱ्यांचें प्रकरण असेंच आहे. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोनें २००६ सालीं ही तारांकनाची पद्धत सुरू केली आणि २०१० पासून घरगुती ए.सी.स ती सक्तीची झाली. हल्लीं तारे ज्या अंकावरून ठरतात त्याला भारतीय हंगामी ऊर्जा-कार्यक्षमता गुणोत्तर म्हणतात; इंग्रजी आद्याक्षरांवरून तो लेबलावर आय.एस.ई.ई.आर. असा छापलेला असतो. नांव लांबलचक असलें तरी अर्थ सरळ आहे: हंगामांत काढलेली उष्णता भागिले खर्चलेली वीज. अंक ५ असला तर १ युनिट विजेंत ५ युनिट उष्णता बाहेर गेली. हा हिशेब बाहेरचें तापमान २४ ते ४३ अंश आणि वर्षाकाठीं १,६०० तास वापर असें धरून केलेला असतो. ज्या गांवीं ऊन ४३ च्या पुढें जातें आणि यंत्र चैत्रापासून रात्रंदिवस फिरतें, तेथें लेबलावरील वार्षिक युनिटांपेक्षां बिल जास्त आलें तर त्यांत नवल नाहीं. दोन यंत्रांची तुलना करण्यास लेबल उत्तम; महिन्याच्या खर्चाचें भाकीत करण्यास तें पुरेसें नाहीं. शिवाय ताऱ्यांच्या पायऱ्या वेळोवेळीं उंच केल्या जातात; जुन्या लेबलावरचे पांच तारे नव्या लेबलावर पांच राहतीलच असें नाहीं. म्हणून ताऱ्यांपेक्षां अंक वाचावा.

‘इन्व्हर्टर’ या शब्दानें तर घरोघर गोंधळ केलेला आहे. खानदेशांत भारनियमनाचे दिवस ज्यांनीं काढले, त्यांच्या मनांत इन्व्हर्टर म्हणजे वीज गेल्यावर दिवे-पंखे चालविणारी बॅटरीची पेटी. ए.सी.वर लिहिलेल्या इन्व्हर्टरचा तिच्याशीं कांहीं संबंध नाहीं. वीज गेली कीं तें यंत्रहि बंदच पडतें. साध्या यंत्राचा काँप्रेसर, म्हणजे वायु दाबणारा पंप, एक तर पूर्ण वेगानें चालतो किंवा थांबतो. इन्व्हर्टर असलेल्या यंत्रांत त्याचा वेग गरजेप्रमाणें कमीअधिक होतो. चढावर एकसारखा घाम गाळून धावणें व मग बसणें, यापेक्षां बेताच्या चालीनें चालत राहणें कमी खर्चाचें. तसेंच हें आहे. जेथें यंत्र रोज आठ-दहा तास चालतें तेथें हा फायदा मोठा. जेथें पाहुण्यापुरतें तासभर लागतें तेथें थोडा.

थर्मोस्टॅट हा त्या यंत्राचा मुकादम. खोली ठरलेल्या अंशांवर आली कीं तो काम हलकें करावयास लावतो. कांटा १६ वर ठेवला म्हणजे खोली लवकर गार होते ही समजूत चुकीची आहे. काँप्रेसरला जेवढें झेपतें तेवढेंच तो करतो, फक्त थांबण्याची वेळ लांबते. १ जानेवारी २०२० पासून नव्या यंत्रांत मूळची योजना २४ अंशांची असावी असा सरकारी नियम आहे, आणि १ अंश वाढविल्यास सुमारें ६ टक्के वीज वांचते असें ब्यूरोचें सांगणें आहे. २६ अंश आणि वर संथ पंखा, हें मिश्रण बहुतेकांस सुखाचें होतें.

यंत्रांतील ‘गॅस’ हा पेट्रोलासारखा खर्च होत नाहीं. तो बंद नळींत फिरतो. खोलींत वायुरूप होऊन उष्णता घेतो, बाहेर पुन्हां द्रवरूप होऊन ती टाकतो. दरवर्षीं गॅस भरावा लागत असला, तर नळी कोठें तरी गळत आहे असें समजावें व आधीं ती गळती बंद करवावी. आर-२२ हा जुना वायु ओझोनच्या थरास अपाय करतो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वयें मागें पडला. हल्लींचा आर-३२ ओझोनास बाधत नाहीं. पण हवेंत सुटल्यास पृथ्वी तापविण्यांत तो कर्बवायूच्या सुमारें ६७५ पट आहे, आणि थोडा ज्वालाग्राहीहि आहे. सबब जोडणी व दुरुस्ती जाणत्या कारागिराकडूनच करून घ्यावी.

इतकें यंत्रांविषयीं झालें. पण उष्णता मुळांत घरांत शिरते ती भिंतींतून आणि छतांतून. खानदेशांतील जुन्या धाब्याच्या घरांना जाड मातीच्या भिंती आणि वर मातीचें छप्पर असे. दुपारचें ऊन त्या जाडींतून आंत पोंचेपर्यंत रात्र पडे, आणि तोंवर माणसें अंगणांत किंवा धाब्यावर निजावयास गेलेलीं असत. या दिरंगाईस औष्णिक विलंब म्हणतात. आजच्या काँक्रीटच्या स्लॅबची जाडी थोडी. तो दुपारीं तापतो आणि संध्याकाळपासून तीच उष्णता खालच्या खोलींत सोडूं लागतो, नेमकीं माणसें आंत निजतात त्या वेळीं. अशा खोलींत दीड टनाचें यंत्र अर्धी रात्र स्लॅबशींच झुंजत असतें. गच्चीस पांढरा चुना किंवा उन्हाचे किरण परतविणारा रंग दिला, पश्चिमेच्या खिडकीस बाहेरून पडदा बांधला, तर ओझेंच कमी होतें. हें काम यंत्राच्या मानानें फार थोड्या पैशांत होतें. म्हणून यंत्र घेण्याच्या आधीं तें करावें.

हिवाळ्याचा विचार थोडक्यांत पुरे. पौषांत धुळ्याकडे रात्रीं पारा १० अंशांच्या बराच खालीं जातो, आणि रावेर-यावलचे केळीचे बागाईतदार बागेभोवतीं शेवरीचें कुंपण करून गार वारा अडवितात; तेंच कुंपण उन्हाळ्यांत लू अडवितें. घरांत तापलेल्या तारेची विजेची शेगडी १ युनिटांत १ युनिटच उष्णता देते. उलट फिरूं शकणारें ए.सी., ज्याला ‘हॉट अँड कोल्ड’ म्हणतात, तें बाहेरच्या हवेंतील उष्णता उचलून आंत आणतें, म्हणून तेवढ्याच विजेंत सुमारें तिप्पट ऊब देतें. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलींत ठेवून कधींहि निजूं नये. तिच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला मनुष्य जागा होत नाहीं.

हा सगळा खटाटोप केवळ ऐषारामासाठीं असता, तर त्यावर इतकें सांगण्याचें कारण नव्हतें. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणें सपाट प्रदेशांत पारा ४५ अंशांवर गेला म्हणजे उष्णतेची लाट आणि ४७ अंशांवर तीव्र लाट समजतात. अशा दिवसांत पहिला धोका घरांतील वृद्धांना, तान्ह्या मुलांना आणि आजाऱ्यांना असतो. पंखा हवा गार करीत नाहीं. तो घाम वाळवितो एवढेंच. हवा ४० अंशांपलीकडे तापली कीं कोरड्या अंगावर तो उष्णताच लोटतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना अशा वेळीं पंख्यावर विसंबूं नका असें सांगते. वरच्या मजल्यावर एकट्या निजणाऱ्या आजीची खोली खालीं आणणें, तिच्या अंगावरून ओलें फडकें फिरविणें, तिला घोटघोट पाणी देणें, हीं कामें कोणत्याहि यंत्राच्या आधींचीं आहेत. बोलणें असंबद्ध झालें किंवा शुद्ध हरपूं लागली, तर तो उष्माघात समजून अंग गार करीत तत्काळ दवाखाना गांठावा.

आणखी दोन गोष्टी शेजारधर्माच्या. ए.सी. खोलींतून काढलेली उष्णता, अधिक स्वतः खाल्लेली वीज, हें सारें गल्लींत टाकतें. बाहेरचें यंत्र शेजाऱ्याच्या पत्र्याच्या खोलीच्या खिडकीसमोर बसवूं नये. त्याच्याकडे दुसरा उपाय नसतो. कूलरच्या टांकींतील पाण्यांत डेंग्यूचा डांस वाढतो. आठवड्यांतून एकदां टांकी रिकामी करून, घासून, कोरडी करावी. जेथें नळास कांहीं दिवसांआड पाणी येतें तेथें पाण्याचाहि हिशेब करावा लागतो. सवापांच लिटरांच्या मानानें दहा तासांचे पन्नासांहून अधिक लिटर होतात.

तेव्हां खानदेशांतील मध्यम कुटुंबानें काय करावें? आधीं गच्ची पांढरी करावी. चैत्र-वैशाखांत कूलर वापरावा, कारण त्या वेळची हवा तहानलेली असते. मृगाच्या पावसानंतर दमटपणा सोसवत नसेल, किंवा घरांत आजारी माणूस असेल, तर एकाच निजण्याच्या खोलीपुरतें ए.सी. घ्यावें, घेतांना टनांबरोबर ४५ अंशांचें काम विचारावें, ताऱ्यांऐवजीं अंक वाचावा, आणि गांवांत दुरुस्ती करणारा कोण आहे याची चौकशी आधीं करावी. इतके प्रश्न विचारणारें गिऱ्हाईक समोर आलें म्हणजे दुकानदारहि सावरून बोलतो.